ठरलेली किंमत

कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली,
गाडी अडतीस वर्षांची,
म्हणजे बाजारभावाने सहा हजार डॉलर,
तेही टायर बरे असतील तर.
ऑब्रीने फोन माझ्या हातात दिला
आणि अंगणात जाऊन
उगाचच बेडफर्डचं चाक पुसत बसला.

मी विचारलं, पोरी, यात पलंग धरलास का?
ब्लफच्या शाळेची व्यायामशाळा पाडली
तेव्हा जमिनीच्या फळ्या आम्ही ट्रेलरभर उचलल्या,
अस्सल रिमूच्या.
एकीवर अजून नेटबॉलच्या मैदानाची पिवळी रेघ आहे,
माझ्या उशीखाली.
ती म्हणाली, तसा रकाना नाही.

मग तिनेच सांगितलं, दुसरी एक पॉलिसी असते.
किंमत आधीच ठरवायची, दोन्ही बाजूंनी मान्य करायची.
उद्या गाडी जळली, पुरात गेली,
तर ठरलेला आकडा हातात. घासाघीस नाही.
हप्ता जास्त. आणि पावत्या हव्यात.

पावत्या होत्या. बिस्किटांच्या डब्यात.
तीन रात्री टेबलावर मांडून बसलो.
गोरच्या गॅरेजमधला गिअरबॉक्स.
गॅसची शेगडी, एका मासेमाराकडून, पावती सिगारेटच्या पाकिटावर.
पडद्यांचं कापड चाळीस डॉलर,
शिलाई माझी, म्हणून शून्य.
बाहेरच्या छपराची ताडपत्री: एकोणतीसशे.
मला तेव्हा नऊशे सांगितले होते.
दोघांनीही ती पावती पालथी घातली,
बेरजेत मात्र धरली.
एकतीस हजार चारशे सात.
ऑब्री म्हणाला, आणि माझे हिवाळे?
मी म्हटलं, शिलाईच्या भावाने लाव.

गुरुवारी एरुएरा आला, तपासनीस.
दक्षिणेचा वारा असा की दार दोघांनी धरावं लागलं.
दारात बूट काढले त्याने. गाडीच्या दारात!
ऑब्री तिथेच विरघळला.
बोटाने ठोकत गेला, कलिंगड बघतात तसं,
इंजिनापाशी थोडा जास्त थांबला,
पलंगावर हात फिरवून म्हणाला, रिमू?
आणि पुढे काही लिहिलं.

मागच्या कोपऱ्यात कपाटाच्या बाजूला
आम्ही कॅलेंडर लावलं होतं.
जुन्या वर्षाचं. लोकर गिरणीचं.
त्याने त्याच्याकडे पाहिलं,
मेंढ्या चांगल्या आहेत म्हणाला, आणि वळला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
आम्हाला तर एकतीस हजारच हवे होते.
ऑब्री छताकडे बघत होता.
मला काय झालं कोण जाणे,
मी खिळ्यावरून मेंढ्या उतरवल्या
आणि म्हटलं, इथे अंगठा दाब.

शिळ्या केकमध्ये जावा तसा अंगठा आत गेला.
गेल्या ऑगस्टपासून पाणी येतं, मी म्हटलं.
बराच वेळ फक्त वारा.
एरुएराने अंगठा रुमालाला पुसला.
लोक सहसा कॅलेंडर काढत नाहीत, म्हणाला.

साडेचोवीस हजार.
भिंत नीट करून फोटो पाठवा, मग पुन्हा बघू.
ऑब्रीने सही केली, माझ्याशी बोलला नाही,
रात्री बटाटे दोनदा वाढून घेतले, तरी नाही.

सकाळी छिन्नीचा आवाज.
गेले तर कुजका कोपरा पार उघडा,
आणि गॅरेजच्या माळ्यावरून काढलेली एक फळी
तो सुकी आहे का म्हणून गालाला लावून बघत होता.
बावीस वर्षं ठेवली होती म्हणे. कशासाठी ते माहीत नव्हतं.
तिच्यावरही रेघ, पिवळीच,
पलंगावरच्या रेघेचं उरलेलं टोक असावं.

आत ठेवू की बाहेर? त्याने विचारलं.
दोन दिवसांतलं पहिलं वाक्य.
आत, मी म्हटलं.
आणि ताडपत्रीचं मग बोलू.